दाते झिजले

“ताई, गिअरबॉक्स बोलतोय,” श्रेणिक मगदूम गाडीतून उतरता उतरता म्हणाला.

डाव्या बाजूनं त्याचा मेहुणा उतरत होता. तालमीत घडलेला गडी. दाराची चौकट धरून, एकेक पाय बाहेर काढत तो उभा राहिला, तशी गाडी चार बोटं वर आली.

“काय बोलतोय?” मी विचारलं.

“कटकटकट. टेंबलाईच्या चढाला, तिसरा टाकला की.”

“सुपारी कातरल्यागत,” मेहुण्यानं भर घातली.

श्रेणिक इचलकरंजीचा, सुताचा व्यापारी. गाडी त्याला बघताक्षणी आवडली होती, हे त्याला लपवता येत नव्हतं. त्यानं बॉनेटवरून हात फिरवला, मग शहाण्या माणसासारखा काढून घेतला. “मला पाहिजे गाडी. पण आवाज कशाचा ते कळल्याशिवाय नको. पुढच्या रविवारी अकराला येतो. तोवर बघून ठेवा.”

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी नागपूरला परत निघणार होते. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पंधरा दिवसांची रजा काढून कोल्हापूरला आले होते, आप्पांच्या मागचं आवरायला. कपडे गेले, पलंग गेला, पुस्तकं वाचनालयाला दिली. राहिली होती ही गाडी. जपानी, जुनी, दोन दारांची, दोनच सीटांची, छप्पर मागं दुमडणारी आणि हळदीसारखी पिवळी. पावसाळ्यात पिवळे होणारे बेडूक असतात ना, त्यावरून आमच्या टाकाळ्याच्या गल्लीत तिला ‘बेडूक’ म्हणत.

श्रेणिकला ‘आवाज गेला’ असं फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं. पण आप्पांनी एकदा जुनी स्कूटर विकली, तेव्हा तिचे अकरा दोष कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात दिले होते. बारावा आठवला म्हणून त्याच्या घरी जाऊन सांगून आले. त्यांची गाडी त्यांच्या मागं दोष झाकून विकणं मला जमणार नव्हतं. म्हणजे रविवारपर्यंत आवाज सापडायला हवा होता.

गाडी त्यांनी घेतली अडुसष्टाव्या वर्षी. आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. फोनवर ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. “आप्पा, या वयात कुणाला दाखवणार आहात?”

“कुणाला नाही गं. मलाच बघायचीय.”

त्या दिवाळीला मी आले, तेव्हा माझी बॅग खाली टेकायच्या आत त्यांनी गाडीचं डावं दार उघडून धरलं. “चल ऊर्मी, पन्हाळ्याला एक चक्कर.”

“प्रवासानं पाठ धरलीय आप्पा. पुढच्या वेळी.”

चार दिवस होते. चारही दिवस ते दार उघडत होते आणि चारही दिवस माझ्याजवळ कारण होतं. खरं कारण असं, की ती गाडी मला आवडत नव्हती. एकटा माणूस घर खायला उठतं म्हणून रस्त्यावर भटकतो आणि त्याची मुलगी हजार किलोमीटरवर बसून पुस्तकांवर शिक्के मारते, असं ती गाडी गल्लीत उभी राहून सगळ्यांना सांगतेय, असं मला वाटायचं. पुढची वेळ आली तेव्हा आप्पा नव्हते.

लोकांना तर बाराव्यालाही गाडीच दिसत होती. एक भलामोठा वयस्कर माणूस, पांढरा शर्ट, पायरीवर बसताना आणि उठताना सारखंच हाश्श करणारा, जाताना डाव्या दारावर हात ठेवून मला म्हणाला, “गाडीचं काय ठरवलंय?” मी म्हणाले, “विकायची असेल तेव्हा कळवू.” तो “नाही, नाही,” असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. अजून राख थंड झाली नाही आणि गिऱ्हाइकं यायला लागली, असं मी तेव्हा कुणाला तरी बोललेही होते.

*

आप्पांचा मिस्त्री उद्यमनगरातला बाबालाल शिकलगार. काठीसारखा बारीक, साठीचा, डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा असलेला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डॉक्टरासारखा ऐकायचा. श्रेणिक येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून घेतलं.

“ह्यो आवाज सायबांनी पण सांगितलावता मला,” तो म्हणाला. “दोनदा फिरवून बघितली. काय न्हाई. म्हटलं, सायेब, आवाज तुमच्या कानात हाय.”

“मग ते काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, असंल असंल.”

त्यानं खिशातल्या किल्ल्या काढून ठेवल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं. तोंडातलं पान गटारीत टाकून चूळ भरली. मी डावं दार उघडायला गेले तसा हात आडवा केला.

“तुमी न्हाई ताई. आवाज ऐकायचा म्हटल्यावर शेजारी माणूस नको. चाळीस वरसांचा नेम हाय आपला.”

“मी बोलणार नाही.”

“माणूस गप बसलं तरी श्वास घेतंय.”

तो एकटाच तीन वेळा टेंबलाईचा चढ चढून आला. “देवाशप्पत सांगतो, मांजरागत चालतीया.”

मग मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत बसले, चालवायच्या बाजूला, एकटी. पहिला, दुसरा, तिसरा. चढ संपला, टेकडीवरचं देऊळ आलं. कट नाही, कुट नाही.

“बघा,” बाबालाल म्हणाला. “इचलकरंजीकराचा डाव असणार. दोष दाखवून दर पाडायचा.”

पण श्रेणिकचा चेहरा डाव टाकणाऱ्याचा नव्हता. आणि आप्पांनीही आवाज ऐकला होता. विचार करत मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती.

आप्पा पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं. नदीवरची पातळी बघायची आणि वहीत लिहायची: इतके मीटर, पाऊस नाही, ठीक. त्यांची भाषा तिथंच घडली. मला नागपूरला नोकरी लागली तेव्हा त्यांचं पत्र आलं होतं: ‘पत्र मिळाले. आनंद. ठीक.’ या वहीतही तसंच होतं. तारीख आणि दोन-तीन शब्द. मी बॉनेटला टेकून मोठ्यानं वाचायला लागले.

“‘आठ जुलै. आवाज. तिसरा, चढ. दाते.’”

बाबालालनं कान टवकारले. “दाते?”

“गिअरचे दातेच ना?”

“मग कुणाचे? पुढं वाचा.”

“‘बावीस जुलै. आवाज. दाते जड.’”

“गिअर जड पडत असंल. बरोबर.”

“‘तेरा जानेवारी. गेलो नाही. दाते नरम.’”

तो ताडकन उठला. “नरम? म्हंजी लोखंडाला पाणीच नीट दिलेलं न्हाई! ताई, हे मला सांगायचं सोडून वहीत लिवत बसले?”

“‘दहा फेब्रुवारी. आवाज फार कमी. दाते झिजले.’”

“झिजणारच. नरम म्हटल्यावर झिजणारच.”

“‘एकोणीस फेब्रुवारी. दाते तपासून आणले. ठीक.’”

बाबालालनं खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. ते अगोदरच कोरडे होते.

“कुणाकडनं तपासून आणले?” तो शेवटी म्हणाला.

“ते नाही लिहिलेलं.”

“त्या शाहूपुरीवाल्याकडं गेले असणार. मी म्हटलं ना, आवाज कानात हाय. म्हणून गेले. वीस वरसं माझ्याकडं येत होते ताई. स्कूटरपासनं.” तो दुसरीकडं बघत बोलत होता. “एक शब्द बोलले न्हाईत मला.”

त्याची समजूत घालावी म्हणून मी पानं उलटली. “हे बघा, हे काय आहे? ‘सात नोव्हेंबर. पोतं. ५४. आवाज नाही. ठीक.’”

“सिमिटाचं असंल.”

“सिमेंटचं पोतं पन्नासचं असतं.”

“मग लिवताना चुकले.”

“आप्पा आकडा चुकत नव्हते.”

“दात्याचं बघा ताई, पोत्याचं सोडा,” बाबालाल म्हणाला आणि त्यानं बाह्या वर सारल्या. “गिअरबॉक्स खोलायचा. त्या शाहूपुरीवाल्यानं काय बघितलं आणि काय न्हाई, ते मी बघतो.”

*

मंगळवारी गिअरबॉक्स खाली आला. बुधवारी खोलला. गुरुवारी मी उद्यमनगरात गेले, तर वर्तमानपत्रावर सगळी चक्रं रॉकेलनं धुऊन, लहानमोठी अशी ओळीत मांडली होती आणि त्यांच्यासमोर बाबालाल गुडघ्यात हात घालून बसला होता.

“हात फिरवा,” तो म्हणाला.

मी एकेका दात्यावरून बोट फिरवलं. गार, गुळगुळीत, धारदार.

“झिजलेत?”

“नवऱ्या मुलाचे दात पण असले नसतील. नरम न्हाईत, झिजलेले न्हाईत, कुणी खोललेले पण न्हाईत. झाकणाला हातच लागलेला न्हाई आजवर. मग तपासले कसे? मंतर टाकून?”

“मग आप्पांनी असं का लिहिलं?”

“ते मला इचारू नका. वाचायचं काम तुमचं, खोलायचं माझं. मी माझं केलं.”

हे त्यानं सहज म्हटलं, पण मला लागलं. वाचणं हाच माझा धंदा. अक्षर ओळखीचं, शब्द दोन आणि अर्थ लागत नव्हता. रात्री वही उशाशी ठेवून झोपले आणि सकाळी तशीच उद्यमनगरात नेऊन पुन्हा गाडीच्या कप्प्यात ठेवून दिली.

शनिवारी दुपारी गाडी पुन्हा उभी राहिली. बाबालालनं एकट्यानं फिरवून बघितली. आवाज नव्हता. पण आधीही नव्हता, त्यामुळं त्याला त्याचं सुख नव्हतं. उद्या अकराला श्रेणिक येणार आणि त्याला काय सांगायचं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

“मला घरापातूर सोडा ताई,” तो म्हणाला. “स्कूटर जावई घेऊन गेलाय. जेवून येतो, मग बघू काय सुचतंय का.”

त्याची अवजारांची पेटी लोखंडी, निळी, वीस-पंचवीस किलोची. ती तो कुणाच्या हवाली करत नसे. गाडीला मागं जागा नाही, म्हणून ती मांडीवर घेऊन डावीकडं बसला. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाच्या गाडीत चालवायच्या बाजूला नव्हता. टेंबलाईचा चढ लागला. मी तिसरा टाकला.

कटकटकटकट.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“थांबवा! थांबवा, थांबवा!”

गाडी बाजूला घेतली. तो पेटीसकट उतरला आणि रस्त्यावर कान टवकारून उभा राहिला. “आता न्या पुढं.” मी नेली. काही नाही. “मागं या.” आले. तो बसला. पेटी रस्त्याकडेलाच ठेवली. गेलो. काही नाही. पुन्हा मागं. पेटी मांडीवर. तिसरा.

कटकटकट.

एक भाजीवाली बाई टोपली उतरवून आमच्याकडं बघत उभी राहिली होती. “काय हरवलंय का ओ?” तिनं विचारलं.

“सापडलंय मावशी, सापडलंय!” बाबालाल ओरडला. तो तिथंच रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरला. “पेटी ठेवा सीटवर. आणि तुमी पण वरनं दाबा जरा.” मी बाहेरून डाव्या सीटवर पेटी ठेवली आणि वर दोन्ही हातांनी भार दिला. खालून त्याचा आवाज आला. “अगं बया बया! फाउंडेशनचं रबर. गिअरबॉक्स ज्याच्यावर बसतोय ते. डावीकडं दबलंय, सायबांच्या वेळेपेक्षा आता पार बसलं असणार. भार पडला, वरनं चढाला तिसऱ्याचा जोर पडला, की गिअरबॉक्स कलतोय आणि त्याचा कान चासीला, म्हंजी गाडीच्या सांगाड्याला लागतोय. हितं घासून चवलीएवढा टिपका चकचकीत झालाय.”

“म्हणजे हलका माणूस बसला तर आवाज नाही?”

“न्हाई. एकटा चालवला तर बिलकूल न्हाई. डावीकडं वजनदार माणूस पाहिजे. त्या पैलवान मेहुण्यागत.” तो बाहेर आला. केसांत खडी, चेहरा उजळलेला. मग तो चेहरा हळूहळू पडला. “आणि मी चाळीस वरसं शेजारी माणूस बसू दिलं न्हाई.”

मी हसले. पण हसता हसता दुसरंच काहीतरी डोक्यात आलं होतं. आप्पांनी आवाज ऐकला होता, एकदा नव्हे, अनेकदा. म्हणजे अनेकदा कुणीतरी डावीकडं बसलेलं होतं. वजनदार.

मी कप्प्यातून वही काढली आणि फोनवर मागल्या आणि या वर्षाचं कॅलेंडर उघडलं. आठ जुलै, रविवार. बावीस जुलै, रविवार. एकोणीस ऑगस्ट, आवाज, रविवार. दहा फेब्रुवारी, रविवार. जिथं जिथं ‘आवाज’ होता, तिथं तिथं रविवार होता.

“बाबालाल,” मी म्हणाले, “दर रविवारी आप्पांच्या शेजारी कोण बसायचं?”

“मला काय म्हाईत? रविवारी माझं बंद.”

मी वही त्याच्यापुढं धरली. “‘दाते जड.’ ‘दाते नरम, गेलो नाही.’ ‘दाते झिजले.’ ‘दाते तपासून आणले.’”

तो ओठ हलवत पुन्हा मनाशी म्हणाला. दाते. दाते. मग त्याचे डोळे मोठे झाले.

“आडनाव?”

“आडनाव.”

“माणूस हाय?”

“माणूस आहे.”

बाबालाल खाली बसला. पेटीवर डोकं टेकून तो हसायला लागला, तो थांबेचना. “तीन दिवस! माणसापायी गिअरबॉक्स खोलला मी! नरम म्हणतंय, अगं आई गं, तब्येत नरम! मी म्हणतोय लोखंडाला पाणी न्हाई!” मग डोळे पुसत, एकदम हळू आवाजात म्हणाला, “म्हंजी सायेब शाहूपुरीवाल्याकडं गेले नव्हते.”

“नाही गेले.”

“दवाखान्यात गेले व्हते. दात्यांना घेऊन.”

“हो.”

“मग ठीक,” बाबालाल म्हणाला.

*

नंबर आप्पांच्या फोनमध्येच होता. आठ दिवस तो फोन माझ्या पर्समध्ये पडून होता. मी दाते नावाचा माणूस शोधतच नव्हते, तर सापडणार कसा?

“दाते,” पलीकडून आवाज आला.

“मी ऊर्मिला इंगवले बोलतेय.”

थोडा वेळ नुसतं हाश्श ऐकू आलं. “गाडी विकली का?”

“नाही अजून.”

“आवाज येतो का अजून?”

“तुम्ही बसल्याशिवाय कसा येणार?”

त्यावर ते जे हसले, त्यावरून मला पांढरा शर्ट, पायरी, दारावर ठेवलेला हात, सगळं एकदम आठवलं.

रविवारी सकाळी साडेसहाला मी मंगळवार पेठेत त्यांच्या दारात गाडी उभी केली. दाते मास्तर, भूगोलाचे, निवृत्त, एकटेच राहणारे. तयार होऊन कट्ट्यावर बसले होते. “आधी मागचा भाग, मग पाय,” ते म्हणाले आणि गाडीकडं पाठ करून, दोन्ही हात मागं टेकून, सावकाश सीटमध्ये उतरले. गाडी चार बोटं खाली गेली. “इंगवल्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मला आत घ्यायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात ओळखच झाली.”

“कुठं भेटलात?”

“पन्हाळ्याच्या फाट्यावर. माझी एसटी चुकली होती. त्यांनी थांबवलं, म्हणाले बसा. मी म्हटलं, साहेब, मी यात मावणार नाही. ते म्हणाले, बघू, मोजमाप करून सांगतो.”

“बाराव्याला तुम्ही आला होतात. मला वाटलं, तुम्ही गिऱ्हाईक आहात.”

“मी!” त्यांना मनापासून गंमत वाटली. “अगं, मला गाडीतलं काय कळतं? उजव्या बाजूनं ती कशी दिसते, तेही मी कधी बघितलेलं नाही.”

गावाबाहेर पडल्यावर मी छप्पर मागं घेतलं. दाते बोलत होते. दर रविवारी पन्हाळा. वर जाऊन पिठलं-भाकरी. उतरताना कुठला डोंगर किती उंच, यावर भांडण; भूगोल एकाचा आणि पातळी मोजण्याची सवय दुसऱ्याची. जानेवारीत मास्तर आजारी पडले, नऊ किलो उतरले. “इंगवले नाराज. म्हणाले, दाते, तुम्ही झिजलात, आवाज येईना. दवाखान्यात तेच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले वजन वाढू देऊ नका. हे बाहेर येऊन म्हणतात, थोडं वाढू द्या.”

“आवाज कशाचा ते आप्पांना माहीत होतं?”

“पहिल्या महिन्यातच. रबर बदलून घ्या म्हटलं, तर म्हणायचे, कशाला? आवाज आला की कळतं, गाडी भरलेली आहे.”

मी रस्त्याकडं बघत राहिले. एवढे महिने मी ज्या रिकाम्या सीटचा विचार करत होते, ती रिकामी नव्हतीच. शंभर किलोंनी भरलेली होती.

“मास्तर, एक नोंद कळत नाही. सात नोव्हेंबर. पोतं, ५४.”

दात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. “तुझं वजन किती?” त्यांनी विचारलं.

“का?”

“तेव्हा किती होतं?”

मागल्या वर्षी पावसाळ्यात मला ताप येऊन गेला होता. फोनवर मी आप्पांना सांगितलं होतं: बरी आहे, फक्त वजन चौपन्नवर आलंय.

“तांदळाचं पोतं आणलं पन्नासचं,” दाते म्हणाले. “वर चार किलो हरभऱ्याची डाळ. मी म्हटलं, अहो पन्नास पुरे. म्हणाले, नाही, ऊर्मी चौपन्न आहे. सीटवर ठेवलं, पट्टा बांधला. मला आधी रिक्षानं टेंबलाईच्या चढावर पाठवलं, बाहेरून ऐकायला. म्हणाले, दिवाळीला ती येणार. ती बसली आणि गाडी बोलली, तर म्हणेल, बघा आप्पा, खटारा घेतलात. तीनदा वर-खाली केलं. पोतं अगदी शहाण्यासारखं बसलं होतं. काही आवाज नाही. मग थांबले, मला म्हणाले, दाते, ठीक.”

वाघबीळचा चढ लागला होता. मी तिसरा टाकला. गाडी कटकट करायला लागली, चांगली मोठ्यानं, आणि वळण संपेपर्यंत करत राहिली.

“आला,” चढ संपल्यावर दाते म्हणाले. भेटायला येणाऱ्या माणसाबद्दल म्हणावं तसं.

*

आम्ही दहा वाजता परतलो, तेव्हा बाबालाल फाटकाशी नवं रबर हातात घेऊन उभा होता. रविवार असून आला होता. दात्यांकडं त्यानं नखशिखांत बघितलं.

“हेच का ते?”

“हेच.”

“मास्तर, तुमचे दाते लई मजबूत हायत. मी सोता खोलून बघितलेत.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “तासाभराचं काम. टाकू रबर?”

“थांबा,” मी म्हणाले. “आधी मला टेंबलाईपर्यंत न्या. तुम्ही चालवा.”

“आणि तुमी?”

मी डावं दार उघडलं आणि बसले. आधी मागचा भाग, मग पाय.

बाबालालनं सवयीनं किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं. “श्वास घेतला तरी चालंल,” तो गंभीरपणे म्हणाला. तरी मी रोखून धरला होता. चढ आला. त्यानं तिसरा टाकला. इंजिनाचा एकसुरी आवाज, कानाशी वारा, कुणाच्या तरी घरातून येणारा कुकरच्या शिट्टीचा आवाज. बाकी काही नाही. देऊळ येईपर्यंत काही नाही.

“न्हाई,” तो म्हणाला.

“नाही,” मी म्हणाले.

“परत जाऊ?”

आम्ही तीनदा गेलो.

श्रेणिक अकराला आला. या वेळी मेहुण्याऐवजी बायकोला घेऊन आला होता. मी त्याला सगळा दोष सांगितला: रबर, डावी बाजू, तिसरा गिअर, वजन. त्याचा चेहरा फुलला. “एवढंच? मग बदला की रबर. आजच नेतो.”

पायरीवर दाते पोह्यांची बशी घेऊन बसले होते.

“रबर बदलता येईल,” मी म्हणाले. “पण गाडी नाही देता येणार. तुम्हाला दोनदा हेलपाटा पडला, माफ करा.”

“का ओ ताई? दुसरं गिऱ्हाईक आलं का?”

“डावी सीट आधीच गेलेली आहे.”

श्रेणिकनं दात्यांकडं बघितलं. दात्यांनी अतिशय नम्रपणे बशीकडं बघितलं.

याला आता बारा वर्षं झाली. सोमवारी मी ठरल्याप्रमाणे नागपूरला गेले आणि किल्ली बाबालालकडं ठेवली. मी कोल्हापुरात नसेन त्या रविवारी तो मास्तरांना पन्हाळ्याला नेई. पहिल्या फेरीनंतर त्याचा फोन आला होता: “श्वास लई घेतंय माणूस, पण गोष्टी भारी सांगतंय.” दाते आता चौऱ्याऐंशीचे आहेत. वजन अजून डॉक्टरांच्या मनासारखं नाही. ते नवं रबर बाबालालच्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे.

त्या दिवशी श्रेणिक गेल्यावर, सगळ्यांचे पोहे खाऊन आणि दात्यांची पोत्याची गोष्ट बाबालालला सांगून झाल्यावर, मी आतून आप्पांचा वजनकाटा आणला, त्यावर उभी राहिले आणि मग कप्प्यातली वही काढून त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

‘६ ऑक्टोबर. डावी सीट. ५७. आवाज नाही. ठीक.’

बाबालालनं खांद्यावरून वाकून वाचलं.

“पोतं तीन किलोनं वाढलंय की,” तो म्हणाला.